आजाऱ्याला भेटायला जाताय? मग येशू कसा भेटायचा ते आधी बघा

मंडळीत कोणी अॅडमिट झालं की रविवारी उपासना सुटल्यावर गेटपाशीच ठरतं, चला बघून येऊ, आणि मग पुढे काय होतं ते मी सिस्टरची नोकरी करताना वॉर्डात कायम बघायचे. आठ-दहा माणसं एकदम खाटेभोवती, कोणी बायबल उघडतंय, कोणी पेशंटच्या बायकोला कोपऱ्यात घेऊन शुगर किती आली विचारतंय, एक भाऊ डोळे मिटून मोठ्यानं प्रार्थना सुरू करतो आणि पलीकडच्या खाटेवरचे आजोबा झोपेतून दचकून उठतात. मन चांगलंच असतं हो सगळ्यांचं, त्याबद्दल वादच नाही. पण शुभवर्तमानात, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या जीवनावरच्या चार पुस्तकांत, येशू आजारी माणसांना कसा भेटतो ते नीट वाचलं ना तर त्याची रीत आणि आपली रीत यात बराच फरक दिसतो. रिटायर झाल्यापासून आमच्या मंडळीच्या भेटीगाठीच्या ग्रुपमध्ये नवीन आलेल्यांना मी जे सांगते तेच इथे टाईप करतेय. तुम्ही कॅथलिक असा, सीएनआयवाले (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) असा नाहीतर पेंटेकॉस्टल, यातलं बहुतेक सगळ्यांना लागू पडेल.

घरी बसून करायचं काम

एका दुपारी मार्कचं शुभवर्तमान काढा. चारांतलं सगळ्यात छोटं, 16 अध्याय. पहिले दहा अध्याय पेन्सिल हातात घेऊन वाचा आणि येशू जिथे जिथे कोणाला बरं करतो तिथे बाजूला तीन गोष्टी लिहा: आधी कोण बोललं, येशूनं काय विचारलं, आणि बरं झाल्यावर त्यानं काय सांगितलं. बस एवढंच.

हे केलं की एक गोष्ट आपोआप लक्षात येते, दोन वेळा एकसारखं काही नाही. शिमोनाच्या सासूला ताप आलाय तर नुसतं हाताला धरून उठवतो, मार्क तिथे प्रार्थनेचा एक शब्दही लिहीत नाही. बहिऱ्या माणसाला गर्दीतून बाजूला नेतो, त्याच्या कानात बोटं घालतो, जिभेला हात लावतो, कारण त्या बिचाऱ्याला ऐकूच येत नाही, मग बोलून काय उपयोग, त्याला कळेल असं करायला हवं ना. आंधळ्या बार्तीमयाला हातसुद्धा लावत नाही. बेथसैदाच्या आंधळ्याला दोनदा हात ठेवावा लागतो. आणि लूक 7 (म्हणजे लूकच्या शुभवर्तमानाचा सातवा अध्याय) मधल्या शताधिपतीच्या, म्हणजे रोमी लष्करी अधिकाऱ्याच्या, नोकराची तर भेटही होत नाही. म्हणजे फॉर्म्युला नाही. ते व्हॉट्सअॅपवर येतं ना, ही प्रार्थना सात दिवस सात वेळा म्हणा आणि सात जणांना पाठवा, त्याला या पुस्तकात कुठेही आधार नाही, सरळ डिलीट करा.

आधी विचारा, मग बोला

यरीहोच्या रस्त्यावर बार्तीमय ओरडतोय, तो आंधळा आहे हे सगळ्या गावाला दिसतंय, तरी येशू त्याला विचारतो, मी तुझ्यासाठी काय करू? यरुशलेमेत बेथेस्दाच्या तळ्याकाठी 38 वर्षं आजारी असलेला माणूस आहे, त्यालाही विचारतो, तुला बरं व्हायचंय का? (हे तळं खरंच आहे बरं का, जुन्या यरुशलेमेत सेंट अॅनच्या चर्चशेजारी खोदकामात सापडलंय, आमच्या मंडळीतले काही जण बघून आलेत.) आणि तो माणूस 'हो' म्हणतच नाही, तक्रार सांगतो, मला तळ्यात उतरवायला कोणी नाही, मी जाईपर्यंत दुसराच पुढे घुसतो. येशू त्याला अडवत नाही, सरळ उत्तर दे असंही म्हणत नाही.

मग आपण काय करायचं? जायच्या आधी घरच्यांना फोन करा, आज आलेलं चालेल का, किती वाजता, किती जण. दोघांपेक्षा जास्त जाऊ नका. तिथे पोचल्यावर पेशंटला स्वतःला विचारा, 'काका, प्रार्थना करू का? कशासाठी करू?' नातेवाईकांना नाही, पेशंटला. नको म्हणाले तर नको, तोंड पाडायचं नाही, गप्पा मारा आणि या. ज्यांना बोलता येत नाही, लकवा मारलाय, त्यांच्यासमोर जाऊन उभे राहा, डोळ्यांत बघून हळू बोला, हात जोडून दाखवा, मानेनं हो-नाही सांगतात.

कशासाठी करू हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे, कारण आपल्याला वाटतं आजारासाठीच. शुगरनं पायाला गँगरीन झालेले एक गृहस्थ होते, दुसऱ्या दिवशी सकाळी पाय काढायचा होता, भेटायला आलेले सगळे पाय वाचू दे म्हणून प्रार्थना करून जात होते. रात्री ड्रेसिंग बदलताना मी सहज विचारलं, तर म्हणाले, सिस्टर, पायाचं जे व्हायचं ते होईल, पोरीची बारावीची परीक्षा आहे आणि ती माझ्यापायी अभ्यास सोडून इथे बाकड्यावर झोपतीय, तिच्यासाठी कोणीतरी करा. दिवसभरात एकानंही विचारलं नव्हतं त्यांना.

बसा, आणि ऐका

खुर्ची किंवा स्टूल ओढा आणि बसा. खाटेवर नका बसू, उभेही नका राहू. उभा माणूस निघायच्या तयारीत आहे असं पेशंटला वाटतं आणि तो काही बोलत नाही.

मार्क 5 मधली ती बाई आठवा, 12 वर्षं रक्तस्रावाचा त्रास, सगळे पैसे वैद्यांवर घालवलेले आणि दुखणं उलट वाढलेलं. मला यातला पुढचा भाग सगळ्यात आवडतो. येशू चाललाय याईर नावाच्या माणसाच्या घरी, त्याची मुलगी मरायला टेकलीय, म्हणजे आजच्या भाषेत अँब्युलन्सच म्हणा ना, आणि वाटेत ही बाई मागून कपड्याला हात लावते आणि त्या क्षणी बरी होते. काम झालं. येशू पुढे जाऊ शकला असता. पण तो थांबतो, कोणी हात लावला विचारतो, शिष्य वैतागतात, एवढ्या गर्दीत हा काय प्रश्न, आणि मग ती थरथरत येऊन 'सगळी हकीकत' सांगते असं मार्क लिहितो. सगळी म्हणजे 12 वर्षांची असेल नाही का? याईर बाजूला उभा आहे, त्याचा जीव वरखाली होतोय, तरी येशू तिचं ऐकून घेतो आणि तिला 'मुली' म्हणतो. शरीर आधीच बरं झालं होतं, मग हे थांबणं कशासाठी होतं याचा विचार करा. त्या काळी अशा बाईला अशुद्ध धरायचे, जुन्या करारातल्या लेवीय पुस्तकात, 15व्या अध्यायात नियम आहेत, ती ज्यावर बसेल तेही अशुद्ध. म्हणजे 12 वर्षं तिला कोणी जवळ केलं नसणार. तिचं तेही दुखणं होतं, आणि गर्दीसमोर 'मुली' म्हटल्याशिवाय ते गेलं नसतं असं मला वाटतं.

तेव्हा पेशंट तीच गोष्ट तिसऱ्यांदा सांगत असेल, चक्कर कशी आली, रिक्षा कशी मिळेना, शेजाऱ्यानं कसं उचललं, तर ऐका तिसऱ्यांदा. मोबाईल पिशवीत. आणि ही वाक्यं घरी ठेवून या:

'आमच्या मावशीला पण हेच झालं होतं, तीन महिन्यांत गेली.'

'देव परीक्षा घेतोय.'

'काहीतरी पाप राहिलं असेल, कबूल करून टाका.'

'तुमचा विश्वास कमी पडतोय.'

शेवटच्या दोनबद्दल जरा जास्त बोलायचंय मला, कारण यांनी झालेलं नुकसान मी बघितलंय. योहान 9 मध्ये शिष्य जन्मांध माणसाकडे बघून हेच विचारतात, पाप कोणाचं, याचं की आईबापांचं? येशू म्हणतो, याचंही नाही, आईबापांचंही नाही. विषय संपला. एचआयव्ही असलेल्या, कॅन्सर झालेल्या, मूल न होणाऱ्या बाईला तुम्ही हा प्रश्न विचारत असाल तर तुम्ही शिष्यांच्या जागी उभे आहात, येशूच्या नाही.

आणि विश्वास कमी म्हणणारे लगेच येशूच्या स्वतःच्या गावाचं, नासरेथचं, उदाहरण देतात, तिथे लोकांच्या अविश्वासामुळे त्याला फारसं काही करता आलं नाही म्हणून. ते आहेच, मार्क 6 मध्ये. पण मार्क तिथेच म्हणतो की थोड्या आजाऱ्यांवर हात ठेवून त्यानं त्यांना बरं केलं, तेवढं मात्र कोणी वाचत नाही. आणि बाकीचं पण बघा की. छपरातून खाली सोडलेल्या पक्षघाती माणसाबद्दल लिहिलंय, 'त्यांचा' विश्वास बघून, म्हणजे आणणाऱ्यांचा धरून, नुसता त्याचा एकट्याचा नाही. याईराची मुलगी तर मेलेली होती, तिचा कुठला विश्वास मोजणार? आणि मार्क 9 मधला झटके येणाऱ्या पोराचा बाप, तो तर तोंडावर सांगतो, विश्वास आहे पण माझ्या अविश्वासाचंही काहीतरी कर, आणि एवढ्यावर येशू त्याच्या पोराला बरं करतो. अर्धा विश्वास चालला त्याला. मग आपण कोण मार्क देणारे.

हात लावायचा का?

येशू हात लावायचा. कुष्ठरोग्याला, ज्याच्या जवळ जायचं नाही असा नियम होता त्याला, आधी हात लावला आणि मग बरा हो म्हणाला, क्रम बघा. आजारी माणसाला दिवसभर जे हात लागतात ते सुया टोचायला, बीपी बघायला, कूस बदलायला. त्यामुळे नुसता हातात घेतलेला हात खूप काही करतो. पण विचारून. बाईंच्या डोक्यावर भावांनी न विचारता हात ठेवायचा नाही, हे मी स्पष्टच सांगते, आणि डोकं दाबून हलवायचं तर मुळीच नाही.

आता सिस्टर म्हणून काही गोष्टी, या कुठल्या प्रवचनात सांगत नाहीत. आत जाताना आणि बाहेर येताना हात धुवा, सर्दी-खोकला असेल तर त्या दिवशी जाऊच नका, फोनवर प्रार्थना करा. ज्या हाताला सलाईन लावलंय तो धरू नका. डायलिसिसच्या पेशंटचा फिस्टुलाचा हात असतो (डायलिसिससाठी ऑपरेशन करून शिरा जोडलेला), मनगटापाशी नाहीतर कोपरापाशी फुगीर दिसतो, तो दाबायचा नाही, त्यावर पिशवी टेकवायची नाही, दुसरा हात धरा. केमो चालू असलेल्याच्या खोलीत शिरण्याआधी स्टाफला विचारा, फुलं-फळं नेऊ नका.

तेलाचं सांगते. याकोबाच्या पत्रात पाचव्या अध्यायात आहे, मंडळीच्या वडीलधाऱ्यांना बोलवा, त्यांनी तेल लावून प्रार्थना करावी, त्यामुळे बऱ्याच मंडळ्यांत छोटी बाटली घेऊन जातात. जरूर न्या. पण ऑक्सिजनचा मास्क किंवा नळी लावलेली असेल तर चेहऱ्याला तेल लावू नका, ऑक्सिजनजवळ तेल आणि मेणबत्ती दोन्ही आगीला आमंत्रण आहे. कपाळाऐवजी तळहातावर एक थेंब, तेही सिस्टरला विचारून. टाक्यांवर, ड्रेसिंगवर, जखमेवर तेल नाही, ते कितीही प्रार्थना केलेलं असलं तरी नाही. कॅथलिकांमध्ये हा संस्कार फादर देतात, तेल बिशपनी पवित्र आठवड्यात आशीर्वादित केलेलं असतं, आणि अजूनही आपल्या घरांमधून फादर तेल घेऊन आले म्हणजे आता संपलं असंच समजतात, म्हातारी माणसं घाबरतात अक्षरशः. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, 1972 च्या नव्या विधीपासून, हा संस्कार गंभीर आजारी असलेल्या कोणालाही, मोठ्या ऑपरेशनच्या आधीही देतात. तेव्हा शेवटच्या घटकेची वाट बघू नका, माणूस शुद्धीत असताना बोलवा, म्हणजे त्यालाही 'आमेन' म्हणता येईल.

कम्युनियन किंवा प्रभुभोजन द्यायचं असेल तर एकच प्रश्न, पेशंटला तोंडानं द्यायला परवानगी आहे का? ऑपरेशनच्या आधी काही देत नाहीत, आणि लकवा झालेल्याला गिळता येत नसेल तर भाकरीचा छोटा तुकडासुद्धा श्वासनलिकेत जातो.

कुठली गोष्ट वाचायची

एकच. दहा-बारा ओव्या, जास्त नाही. आणि माणूस बघून निवडा.

लकवा, फ्रॅक्चर, लांबलेला फिजिओथेरपीचा प्रकार असेल तर बेथसैदाचा आंधळा काढा, मार्क 8. पहिल्यांदा हात ठेवल्यावर येशू विचारतो, काही दिसतंय का? तो म्हणतो, माणसं दिसताहेत पण झाडांसारखी, चालणारी. येशू पुन्हा हात ठेवतो, मग नीट दिसतं. पायरीपायरीनं बरं होणाऱ्याला ही गोष्ट लागू पडते, आणि 'अजून नीट दिसत नाही' असं देवाला तोंडावर सांगता येतं हेही त्याला कळतं.

जे दुसऱ्यांवर अवलंबून आहेत आणि त्याची ज्यांना लाज वाटते त्यांच्यासाठी मार्क 2. कफर्णहूमच्या त्या घराचं छप्पर म्हणजे आपल्या नगर-मराठवाड्याकडचं माळवदच समजा, लाकडी सरे, त्यावर काटक्या आणि वर दाबलेली माती, जिन्यानं वर जाता येतं आणि खणलं तर भोक पडतं. चौघांनी दुसऱ्याचं घर उकरलं, खाली बसलेल्यांच्या डोक्यावर माती पडली असणार, आणि सगळा वेळ तो माणूस खाटल्यावर पडून, त्यानं एक शब्द बोलल्याचं मार्कनं लिहिलेलं नाही. उचलून घेतलं जाणं यात कमीपणा नाही हे वाचून झाल्यावर सांगावं लागत नाही. वाचा आणि गप्प बसा.

जुनं दुखणं, पाठ, सांधे, यांच्यासाठी लूक 13, 18 वर्षं कमरेत वाकलेली बाई. नैराश्य, चिंता, घरात मनोरुग्ण असलेल्या कुटुंबाला मार्क 9 मधला बाप. विसरभोळेपणा झालेल्या आजी-आजोबांना नवीन काही नको, स्तोत्र 23 नाहीतर त्यांच्या लहानपणचं गीत, मुलांची नावं विसरलेली माणसं ओळीच्या ओळी बरोबर म्हणतात.

मेलेल्या लाजरसाला येशूनं उठवल्याची गोष्ट आयसीयूच्या बाहेर बसलेल्या नातेवाईकांना वाचून दाखवू नका. तुम्ही न बोलता एक वचन देऊन टाकता आणि ते पाळणं तुमच्या हातात नसतं. अगदी शेवटचे दिवस असतील तर मला गेथशेमाने बागेतली, येशूला पकडलं त्या रात्रीची गोष्ट बरी वाटते, जिथे येशू स्वतः घाबरलेला आहे, हा प्याला टळू दे म्हणतो, मित्रांना जागे राहा म्हणतो आणि ते झोपतात. बरं करणारा स्वतः सोबत मागतोय.

प्रार्थना: दोन मिनिटं, साध्या आवाजात

देव बहिरा नाही आणि शेजारचा पेशंटही नाही. पेशंटनं जे सांगितलं तेच त्याच्या शब्दांत देवाला सांगा. साधारण असं:

'प्रभू येशू, तू आजाऱ्यांजवळ बसायचास. आज अक्कांजवळ बस. त्यांना रात्री झोप येत नाही, उद्याच्या ऑपरेशनची भीती वाटते, ती तुला सांगतोय. डॉक्टर-सिस्टरांचे हात सांभाळ. त्यांना बरं कर, ही आमची मागणी आहे. आणि बाहेर जागणाऱ्या त्यांच्या सुनेलाही ताकद दे. आमेन.'

बरं कर असं मागायला घाबरायचं नाही, स्पष्ट मागा. पण 'तुम्ही बरे झालातच, घोषित करतो' असं म्हणू नका. प्रेषित पौलानं आपल्या शरीरातल्या काट्याबद्दल, म्हणजे सतत सलणाऱ्या त्रासाबद्दल, देवाकडे तीनदा मागितलं आणि तो काटा गेला नाही, माझी कृपा पुरे आहे असं उत्तर मिळालं. त्याच पौलानं आपला सोबती त्रफिम याला मिलेत गावी आजारी ठेवून पुढे जावं लागलं, तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या शेवटी एका ओळीत आहे, कोणाचं लक्ष जात नाही. एवढा मोठा प्रेषित, बरोबरचा माणूस आजारी तो आजारीच राहिला, आणि पौलानं ते लपवलं नाही. मग तुमच्या प्रार्थनेनं एखादा बरा झाला नाही तर त्यात ना तुमचा दोष ना त्याचा.

औषध बंद करायला सांगणारे

यावर मी भांडते, सरळ. शुभवर्तमान लिहिणाऱ्या लूकाला पौल 'प्रिय वैद्य' म्हणतो. येशूच्या गोष्टीतल्या चांगल्या शोमरोन्यानं रस्त्यात पडलेल्या माणसाच्या जखमेवर तेल आणि द्राक्षारस ओतून पट्टी बांधली, जनावरावर घालून उतारशाळेत नेलं आणि पुढच्या खर्चाचे दोन दीनारही दिले, म्हणजे फर्स्ट एड, ट्रान्सपोर्ट आणि अॅडव्हान्स. कुष्ठरोगी बरा झाल्यावर येशू त्याला काय म्हणाला? जा, याजकाला दाखव. लेवीय 14 प्रमाणे तपासून शुद्ध ठरवायचं काम याजकाचं होतं. म्हणजे चमत्कारानंतरही तपासणी करून घे, असं खुद्द येशूनं सांगितलंय. मग तुम्ही बरं झाल्याची साक्ष देणार असाल तर आधी रिपोर्ट करून या.

आणि आपल्याकडे तर बरं करणारा येशू लोकांना भेटला तोच दवाखान्यातून. मिरजेला विल्यम वानलेसनी 1894 मध्ये हॉस्पिटल काढलं, नगरला मुक्तिफौजेचं (साल्व्हेशन आर्मीचं) बूथ हॉस्पिटल, वेंगुर्ल्याला सेंट ल्यूक्स, त्याचं तर नावच वैद्य लूकाचं. तिथे सकाळी प्रार्थना व्हायची आणि मग ओपीडी. या दोन्हींत भांडण आहे असं त्यांना कधी वाटलं नाही.

म्हणून ही काळजी घ्या. उपवास-प्रार्थना ठेवताना इन्सुलिन किंवा शुगरच्या गोळ्या घेणाऱ्याला उपवास करायला लावू नका, शुगर एकदम खाली येऊन माणूस बेशुद्ध पडतो. फिटच्या गोळ्या एकाएकी बंद केल्या तर सलग फिट येऊन जीव जाऊ शकतो. टीबीचं औषध मधेच सोडलं तर जंतू औषधाला दाद देईनासे होतात आणि मग उपचार आणखी लांब नि अवघड होतो. मानसिक आजाराच्या माणसाला भूत लागलंय म्हणून धरून ठेवणं, मारणं, कोंडणं हा गुन्हा आहे. महाराष्ट्रात 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा आहे, साप-विंचू-कुत्रा चावलेल्याला दवाखान्यात जाण्यापासून अडवून दुसरे उपाय करणंही त्यात बसतं, आणि तो कायदा धर्म बघत नाही, पास्टरलाही लागू आहे. कोणी पेशंटला गोळ्या थांबवायला सांगत असेल तर तिथेच बोला, नंतर नाही.

निघताना आणि नंतर

वीस मिनिटांत उठा. याईराच्या मुलीला उठवल्यावर सगळे थक्क होऊन उभे, आणि येशू म्हणतो, हिला काहीतरी खायला द्या. त्या घरात तेवढ्या वेळात पोरीच्या पोटाचा विचार फक्त त्यालाच सुचला. तेव्हा निघताना 'काही लागलं तर सांगा' म्हणू नका, ते कोणी सांगत नाही. 'बुधवारी रात्रीचा डबा मी आणते, तिखट चालतं का' असं विचारा. सोबत राहणाऱ्याला घरी जाऊन अंघोळ करून यायला दोन तास द्या. सिव्हिलमध्ये असतील तर रक्ताचा डोनर, महात्मा फुले योजनेची कागदपत्रं, झेरॉक्सची धावपळ, यातलं एक काम अंगावर घ्या. लोक अशा भेटी विसरत नाहीत.

फोटो काढू नका. पेशंटचा नळ्या लावलेला फोटो 'प्रेयर रिक्वेस्ट' म्हणून ग्रुपवर टाकणं मला अजिबात पटत नाही, आणि बरं झाल्यावर त्याला न विचारता साक्ष म्हणून फिरवणं तर त्याहून नाही. मार्क 1 मध्ये येशू त्या कुष्ठरोग्याला बजावतो, कोणाला सांगू नको, तो सांगत सुटतो आणि मग येशूला गावात उघडपणे जाता येईना, इतकी गर्दी. मेसेज टाकायचाच असेल तर पेशंटला दाखवून टाका, नाव, वॉर्ड आणि आजार न लिहिता:

'आपल्या मंडळीतल्या एका ताईंचं गुरुवारी सकाळी ऑपरेशन आहे. प्रार्थना करा. सध्या भेटायला जाऊ नका, त्यांनी तसं सांगितलंय. शुक्रवार ते सोमवार घरी डबा हवाय, दोन माणसांचा, कमी तिखट. ज्यांना जमेल त्यांनी मला पर्सनलवर कळवा, इथे नको.'